ससा, गिनीपिग, बजी: एका घरात ठेवताना या चुका टाळा

"ताई, ससा गिनीपिगच्या अंगावर सारखा चढतोय, पिल्लं होतील का?" मे महिन्यात गावाला जाताना लोक आपले प्राणी माझ्याकडे ठेवायला आणतात, तेव्हा हा प्रश्न ठरलेलाच. होणार नाहीत. सशाची गुणसूत्रं ४४, गिनीपिगची ६४. दोघांचं कूळच वेगळं. पिल्लांची काळजी सोडा, त्या चढण्याची करा.

चार-सहा महिन्यांचा नर ससा वयात आला की पायाभोवती गोल फिरतो, घुं-घुं करतो आणि समोर येईल त्यावर चढतो. गिनीपिग, उशी, तुमचा पाय, काहीही. लोकांना ते प्रेम वाटतं, मग व्हिडिओ निघतात. लालबागच्या एका घरात हेच झालं. गिनीपिग आधीची. मुलांच्या हट्टापायी ससा आणला आणि त्याच संध्याकाळी दोघांना एका पिंजऱ्यात घातलं. ती माझ्याकडे आली तेव्हा पाठीवरचे केस गेलेले, नाकाशी खपली, श्वास घेताना अख्खं पोट हलत होतं. तशीच टॅक्सीत घालून परळला डॉक्टरकडे नेली. न्यूमोनिया निघाला. बोर्डेटेला नावाचा जंतू सशाच्या नाकात निवांत राहतो, सशाला काही होत नाही. गिनीपिगच्या मात्र जीवावर उठतो. ती वाचली नाही.

म्हणून माझ्याकडे दोघं आले तर दोन खोल्या. सशाला हात लावला की साबणाने हात धुतल्याशिवाय गिनीपिगकडे जात नाही. वन रूम किचन असेल तर दोघांपैकी एकच आणा, हे मी तोंडावर सांगते.

सशाची नसबंदी जरूर करा. पण ऑपरेशन झालं म्हणून दुसऱ्या दिवशी त्याला मादीसोबत सोडू नका. हॉर्मोन उतरायला काही आठवडे जातात आणि तेवढ्यात मादी गाभण राहू शकते. लोकांचा धीर इथेच सुटतो. मुलांची सुट्टी संपायच्या आत दोस्ती झाली पाहिजे, ही घाई प्राण्याला कळत नाही.

खाणंही एकच नको. गिनीपिगचं शरीर क जीवनसत्त्व बनवत नाही, सशाचं बनवतं. तिला रोज सिमला मिरची द्या. आणि घरातली अ‍ॅमॉक्सिसिलिनची गोळी फोडून दोघांपैकी कोणालाही देऊ नका, जीव जातो.

दोन माद्या एकमेकींवर चढल्या तरी सशिणीला खोटं गर्भारपण येतं. गळ्याखालचे केस उपटून ती घरटं करते. ते घरटं उचलून टाकू नका, खोटं गर्भारपण १६-१८ दिवसांत आपोआप उतरतं.

कुत्रा मांजरावर चढला तर मारू नका, ओरडू नका. उत्साहात किंवा ताणात नसबंदी झालेलाही चढतो. हाक मारून बाजूला घ्या, मांजराला माळ्यावर जायची वाट ठेवा.

मांजराचा दात बजीला, म्हणजे पिंजऱ्यातल्या छोट्या पोपटाला, लागला आणि रक्त दिसलं नाही, तरी त्याच दिवशी डॉक्टर. मांजराच्या लाळेतला जंतू पक्ष्याचा जीव घेऊ शकतो.

बजी तुमच्या बोटावर दाणे ओकते तेव्हा ती तुम्हाला जोडीदार समजत असते. लाडाने पाठीवरून हात फिरवलात की ते आणखी वाढतं. मग नर नसतानाही मादी अंड्यांवर अंडी घालते, अंगातलं कॅल्शियम संपतं, अंडं अडकतं. आरसा काढा, खाजवायचं तर फक्त डोक्यावर. रात्री बारापर्यंत टीव्ही चालतो त्या खोलीत पिंजरा नको. मी संध्याकाळी सातला चादर टाकते ती सकाळी सातला काढते. पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसली असेल आणि शेपटी वरखाली होत असेल, तर सकाळची वाट बघू नका.