झिरो बघितला, नोझल कोण बघणार? पेट्रोल पंपावर या चुका टाळा

"साहेब, झिरो बघा." पंपावर काच खाली केली की पहिलं वाक्य हेच कानावर पडतं. आपणही मान वळवून मीटरवर शून्य असल्याची खात्री करून घेतो, आणि एकदा आकडे पळायला लागले की लिटर आणि रुपये सोडून दुसरं काही दिसत नाही. माप चोख मिळावं म्हणून ही नजर हवीच. पण त्या दोन-तीन मिनिटांत जे बिघडू शकतं ते मीटरपाशी नसतं, टाकीच्या तोंडाशी असतं. आणि तिकडे बहुतेकांची पाठ असते.

मुळात पेटतं ते पेट्रोल नव्हे, पेट्रोलची वाफ. शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही ठिणगीने पेट घेईल इतकी वाफ पेट्रोलमधून निघत असते. तेव्हा नागपुरातला मे असो की महाबळेश्वरातला जानेवारी, वाफ आहेच. उन्हात जास्त, इतकंच. हवेत तिचं प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान असलं की पुरे. शिवाय ती हवेपेक्षा तीन-चार पट जड, त्यामुळे वर निघून न जाता गाडीखाली, पायांशी, गटाराच्या जाळीत रेंगाळते. चार हात लांब उभा राहून विडी ओढणारा "मी लांब आहे की" म्हणतो, तेव्हा तो फक्त आपल्या नाकाच्या उंचीवरचा विचार करत असतो.

कट झाल्यावर 'राउंड फिगर'

टाकी फुल करायला सांगितली की ती भरल्यावर नोझल 'टक्' करून आपोआप बंद पडतं. यालाच आपण कट होणं म्हणतो. पुढचा संवाद ठरलेला: "एकोणीसशे चाळीस झाले, दोन हजार करू?" आपण मान डोलावतो, आणि कर्मचारी नोझलचा खटका थोडा थोडा दाबत, जमलं तर गाडी हलवत, उरलेले साठ रुपये टाकीत बसवतो. माझ्या मते पंपावरची ही सगळ्यात सर्रास होणारी आणि सगळ्यात फुकाची चूक.

नोझलच्या टोकाशी एक बारीक भोक असतं. पेट्रोल वाहत असताना त्यातून हवा ओढली जाते. पेट्रोल त्या भोकापर्यंत चढलं की हवेची वाट बंद होते, आतला दाब घटून पडदा खेचला जातो आणि खटका सुटतो. यात कुठला सेन्सर नाही की वायर नाही. टाकीत त्यापुढे जी जागा उरते ती मुद्दाम सोडलेली असते, कारण पेट्रोल तापलं की फुगतं, दर अंशाला साधारण हजारात एक भाग. जमिनीखालच्या टाकीतलं ४० लिटर गार पेट्रोल गाडीत येऊन १५ अंशांनी तापलं, तर ते अर्ध्या लिटरहून थोडं जास्तच वाढतं. म्हणजे जवळपास त्या साठ रुपयांच्या पेट्रोलइतकंच.

व्हॉट्सअॅपवर दर उन्हाळ्यात फिरणारा "टाकी फुल करू नका, स्फोट होईल" हा निरोप याच कारणाने चुकीचा आहे. कट होईपर्यंत भरलेली टाकी मेमध्येही सुरक्षित असते. इंडियन ऑइलनेही ही अफवा खोडून काढली आहे. घोळ होतो तो कटच्या पुढे.

खिशालाही त्याची झळ बसते. पेट्रोल गाडीत टाकीतली वाफ शोषायला कोळशाचा डबा असतो, मेकॅनिक त्याला कॅनिस्टर म्हणतात. त्याच्याकडे फक्त वाफ जायला हवी. टाकी ठासून भरली की पातळ पेट्रोलच तिकडे जातं आणि कोळसा निकामी होतो. टाकी फुल केल्यावर गाडी चटकन स्टार्ट होत नसेल, पेट्रोलचा वास येत असेल, चेक इंजिनचा दिवा लागत असेल, तर कॅनिस्टर आणि त्याचा पर्ज व्हॉल्व्ह (साठलेली वाफ इंजिनात सोडणारी झडप) बघायला सांगा. उलट तक्रारही असते: टाकी अर्धीसुद्धा भरली नाही तोवर नोझल सारखं कट होतं. एकाच पंपावर झालं तर नोझल थोडं फिरवून, कमी धारेने भरायला सांगा. प्रत्येक पंपावर होत असेल तर तुमच्या टाकीतली हवा बाहेर सोडणारी नळी तुंबलेली असू शकते.

राउंड फिगर हवीच असेल तर ती आधी सांगावी. "दीड हजाराचं टाका." विषय संपला.

इंजिन बंद, पण इग्निशन?

एसीचा पंखा आणि गाणी चालू राहावीत म्हणून इंजिन बंद करून चावी 'ऑन'वर ठेवणारे पुष्कळ आहेत. बटण स्टार्टच्या गाड्यांत तर आपण नेमकं काय बंद केलं हेच कळत नाही. डॅशबोर्ड पूर्ण काळा झाला की बंद, एवढी खूण पुरे. आणि एक खास आपल्याकडची गोष्ट: सकाळी गाडीची पूजा करून डॅशबोर्डवर लावलेली उदबत्ती. ती धुमसत असतानाच गाडी पंपावर येते. सिगारेट ओढणाऱ्याला चार माणसं ओरडतात, उदबत्तीला कुणी काही बोलत नाही. पेट्रोलच्या वाफेला मात्र दोघींतला फरक कळत नाही.

गाडीत आत-बाहेर करणं हीसुद्धा चूकच. झिरो बघायला उतरायचं, पाकीट घ्यायला परत सीटवर बसायचं, पुन्हा उतरून टाकीपाशी यायचं. कोरड्या हवेत, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यातल्या हिवाळ्यात, सीटच्या कापडावर घासून अंगात वीज साठते. दाराला हात लावताना बसतो तो झटका हाच. अमेरिकेत लोक पेट्रोल स्वतःच भरतात. तिथल्या पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूटने अशा आगींच्या नोंदी जमवल्या, तेव्हा भरता भरता गाडीत जाऊन बसलेली आणि परत येऊन नोझलला हात लावलेली माणसं त्यात वारंवार दिसली. आपल्याकडे नोझल कर्मचाऱ्याच्या हातात असतं, त्यामुळे धोका कमी. तरी उतरायचं तर एकदाच उतरा, आणि टाकीच्या झाकणाला हात लावण्याआधी दाराच्या उघड्या धातूला हात लावा.

त्याच संस्थेला मोबाइलमुळे लागलेली पंपावरची एकही आग पक्की सापडली नाही, हेही इथेच सांगायला हवं. मग मोबाइलला मनाई का? ते उपकरण वाफेच्या जागी वापरण्यासाठी बनवलेलं नाही, शिवाय बोलणाऱ्या माणसाचं लक्ष टाकीकडे नसतं. गंमत म्हणजे 'मोबाइल वापरू नका' या पाटीशेजारीच क्यूआर कोड लटकत असतो. यावर माझा साधा तोडगा: नोझल जागेवर गेलं, झाकण लागलं, की मगच फोन खिशातून काढायचा, आणि स्कॅनर कर्मचाऱ्याला इकडे आणायला सांगायचा.

बाटली, कॅन आणि तोंडाने ओढणं

गाडी बंद पडली म्हणून पाण्याच्या बाटलीत पेट्रोल आणणं आपल्याला अगदी नेहमीचं वाटतं. बाटलीला झाकण घट्ट बसत नाही, पातळ प्लॅस्टिक पेट्रोलसाठी नसतं, आणि घरी उरलेली बाटली कोणीतरी पाणी समजून तोंडाला लावतं. न्यायचंच असेल तर इंधनासाठी बनवलेला कॅन घ्या, तो जमिनीवर ठेवून भरा. डिकीतल्या गालिच्यावर ठेवलेल्या कॅनमधली वीज जमिनीत उतरायला वाट नसते, म्हणून डिकीत ठेवून भरू नका.

एका गाडीतून दुसरीत नळीने तोंडाने पेट्रोल ओढणारे तर गल्लोगल्ली आहेत. घोटभर पेट्रोल पोटात जाण्यापेक्षा थेंबभर फुप्फुसात जाणं जास्त वाईट. कुणी गिळलंच तर मीठपाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका. उलटी होतानाच ते फुप्फुसात उतरतं. सरळ दवाखाना गाठा.

सीएनजीवाल्यांसाठी

गाडीच्या टायरमध्ये हवा असते साधारण ३२ पीएसआय. सीएनजीच्या टाकीत गॅस भरतात २०० बार दाबाने, म्हणजे जवळपास २९०० पीएसआय. म्हणून भरताना सगळ्यांनी खाली उतरायचं असतं, झोपलेल्या पोरालाही आणि गुडघे दुखणाऱ्या आजीलाही. टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, दर ३ वर्षांनी करावी लागते; तारीख गाडीवरच्या प्लेटवर असते. पंपावाल्याने प्लेट बघून गॅस नाकारला तर हुज्जत घालू नका, तो बरोबर आहे.

गडबड झालीच तर

डिझेल गाडीत पेट्रोल पडलं हे लक्षात आलं, तर चावी फिरवूच नका. अनेक गाड्यांत नुसती चावी 'ऑन' केली तरी पंप ते पेट्रोल पुढे ढकलतो. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून बाजूला ढकला आणि टाकी रिकामी करून घ्या.

टाकीच्या तोंडाशी ज्वाळा दिसली तर हात आपसूक नोझल ओढायला जातो. ओढू नका, कुणाला ओढू देऊ नका. आत असलेलं नोझल आगीला एका जागी धरून ठेवतं. बाहेर काढलं की पेटतं पेट्रोल फरशीवर. माणसं पलीकडच्या दाराने उतरवा, ओरडून पंप बंद करायला लावा आणि लांब व्हा. पाणी मारू नका. पंपावर कोरड्या पावडरचे सिलिंडर आणि वाळूच्या बादल्या असतात, त्या वापरणं कर्मचाऱ्यांना शिकवलेलं असतं.

कपड्यांवर पेट्रोल उडालं तर तिथल्या तिथे शर्ट काढू नका, कापड घासून ठिणगी पडू शकते. आधी धातूला हात लावा, पंपापासून दूर जा, मग कपडे बदला आणि अंग साबणाने धुवा. आणि फरशीवर सांडलं तर कर्मचारी बहुतेक वेळा म्हणेल, "उडून जाईल साहेब, काही होत नाही." ते उडून जाणं म्हणजेच वाफ. त्यावर वाळू टाकायला सांगा, गाडी ढकलून चार-पाच मीटर पुढे न्या, आणि मगच स्टार्टर मारा.