स्वमग्न मुलाचे दात घासायचे कसे?

हात धरून, डोकं दाबून घासले तर दात तेवढ्यापुरते स्वच्छ होतात. पण दुसऱ्या दिवशी ब्रश दिसताच मूल पळतं. ऑटिझम असलेल्या अनेक मुलांना तोंडातला स्पर्श, पेस्टची चव, फेस, बाथरूममध्ये घुमणारा आवाज आपल्यापेक्षा कितीतरी तीव्रतेनं जाणवतो. म्हणून आधी नेमकं काय सोसवत नाही ते शोधा.

पुदिन्याची पेस्ट झोंबत असेल तर सौम्य किंवा बिनचवीची आणा. फेस नको असेल तर सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली पेस्ट मिळते. फ्लोराइड मात्र सोडू नका. ३ वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, ३ ते ६ वर्षांत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. बाथरूम नको असेल तर पलंगावर घासा.

मग ब्रशची ओळख. आधी तो नुसता हातात, मग गालाला, ओठांना, आणि शेवटी पुढच्या दातांवर एकदाच. एक पायरी मुलानं शांतपणे स्वीकारली की पुढची. यात कित्येक आठवडे जाऊ शकतात, जाऊ द्या. जागा, वेळ आणि क्रम रोज तोच ठेवा. वरचे दात, खालचे दात, संपलं, अशी चित्रं भिंतीवर लावा. घासताना मोठ्यानं दहापर्यंत मोजा आणि दहाला थांबाच. एखादा दात राहिला तरी ‘अजून थोडंसं’ म्हणू नका. हे संपणार आहे, असा भरवसा बसला की मूल तोंड उघडतं. आकडा हळूहळू वाढवत दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटांपर्यंत न्या. रात्रीचं घासणं सर्वांत महत्त्वाचं. मुलाच्या मागे उभं राहून त्याचं डोकं आपल्या छातीशी टेकवलं की आतले दात नीट दिसतात. निदान सात-आठ वर्षांपर्यंत, गरज असेल तर पुढेही, पालकांनीच घासावेत.

थेरपीत बक्षीस म्हणून चॉकलेट मिळत असेल तर साबणाचे फुगे किंवा आवडतं खेळणं सुचवा. काही मुलं घास गालात धरून ठेवतात; जेवणानंतर पाणी पाजा आणि गाल तपासा. औषधाचं गोड सिरप दात घासण्याआधीच द्या.

दुखतंय हे सांगता न येणारं मूल गालावर मारून घेतं, आवडीचं खाणं टाळतं, रात्री उठून रडतं. वागणं अचानक बदललं तर आधी तोंडात पाहा.

खरं तर पहिल्या वाढदिवसापर्यंतच मुलांच्या दंतवैद्याकडे जाऊन यावं. आधी फोन करून मुलाला काय सोसत नाही ते सांगा, दिवसाची पहिली वेळ मागा. पहिल्या खेपेला नुसतं खुर्चीत बसून परत या. प्रखर दिव्यासाठी गॉगल आणि मशीनच्या आवाजासाठी कान झाकणारे हेडफोन न्या. कीड लागली असेल तर सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड चालेल का, हे विचारा. ते नुसतं लावायचं असतं, ड्रिल लागत नाही आणि कीड बहुतेकदा थांबते. किडलेला भाग मात्र कायमचा काळा पडतो. काम बरंच असेल आणि भूल द्यावीच लागणार असेल, तर राहिलेली रक्त तपासणीही त्याच वेळी करता येईल का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.