नाकाची सावली बघा

गोव्यात डिचोलीला माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. शिकायला येणाऱ्या पोरांना मी पहिले दोन दिवस दिव्यांना हात लावू देत नाही. आमच्या जुन्या घरी नेतो. तिथल्या एका खोलीला शिंपल्यांची खिडकी आहे. काचेच्या जागी शिंपल्यांच्या पातळ चकत्या. कडक ऊनही आत दुधासारखं पसरतं. फुकटचा सॉफ्टबॉक्स, म्हणजे दिव्याचा उजेड मऊ करणारी पेटी.

खिडकीपासून दोन हातांवर बुटकं स्टूल, त्यावर आमची काकी. बुटकं अशासाठी, की उजेड डोळ्यांच्या जरा वरून यावा. घरातले बल्ब बंद. नाहीतर पिवळा उजेड मिसळतो. खिडकी काकीच्या डाव्या हाताला, थोडी पुढे. आता साडी, हसू काही बघू नका. नाकाची सावली बघा.

सावली लहान, ओठांच्या कोपऱ्याकडे झुकलेली, पण गालाच्या सावलीपासून सुटी असेल तर ते लूप लायटिंग. बहुतेक चेहऱ्यांना हे चालतं. “काकी, तोंड जरा आत, खिडकीपासून दूर फिरव.” सावली गालाच्या सावलीला मिळते आणि पलीकडच्या डोळ्याखाली उजेडाचा त्रिकोण उरतो. हे रेम्ब्रांट, 17व्या शतकातल्या डच चित्रकाराच्या नावाचं. त्रिकोण डोळ्यापेक्षा रुंद होऊ देऊ नका. आणखी फिरवलं की अर्धा चेहरा काळोखात: स्प्लिट. दशावतारातल्या राक्षसाला शोभेल, काकीला नाही.

बटरफ्लाय लायटिंगला उजेड समोरून, वरून हवा. काकीला खिडकीकडे तोंड करून बसवा, खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागावर काळी चादर टाका. नाकाखाली फुलपाखरासारखी सावली दिसेल.

सावली फार गडद वाटली तर दुसऱ्या बाजूला मखराचा उरलेला पांढरा थर्माकोल धरा. हाच फिल, म्हणजे सावली उजळवणारा उजेड. रंगीत काही नको. एका लग्नात मी नवरीला उन्हातल्या तांबड्या चिऱ्यांच्या भिंतीला खेटून उभी केली. एक गाल तांबडा, एक नीट. व्हाइट बॅलन्सने, म्हणजे फोटोतली रंगछटा बदलून, एक गाल सुधारला की दुसरा निळा पडायचा. अल्बम परत आला.

शेवटी डोळ्यांत बघा. खिडकीचा पांढरा ठिपका, म्हणजे कॅचलाइट, नसेल तर हनुवटी किंचित वर. चष्म्यावर चमक आली तर काड्या कानांवरून थोड्या उचला. काचा खाली झुकतात, चमक जाते. मग काकी हमखास म्हणते, “आता मला तू दिसत नाहीस.” तेवढ्यात क्लिक करा.