ऑफ सीझनमध्ये पाईप अन् टाक्यांचा गंज कसा तपासायचा (न कापता)

गाळप संपलं की आपल्या लातूर, धाराशिव, बीडकडच्या साखर कारखान्यांत रिपेअरची कामं निघतात, अन् पाईपलाईन आणि मळीच्या टाक्या आतून किती खाल्ल्यात हे बघायची खरी वेळ हीच, कारण लाईन थंड असते आणि टाकी रिकामी. वरून कलर चकाचक असला तरी आत प्लेट निम्मी झालेली असू शकते, त्यामुळे नुसतं बघून किंवा हातोडीनं ठोकून सोडू नका.

नव्वद टक्के काम अल्ट्रासॉनिक थिकनेस गेजनं (आवाजाच्या लहरीनं जाडी मोजायचं यंत्र) होतं. त्याचा प्रोब, म्हणजे पाईपाला टेकवायचं टोक, लहर सोडतो, ती पलीकडच्या पृष्ठभागावर आपटून परत येते, स्टीलमध्ये तिचा वेग सेकंदाला साधारण ५९०० मीटर, लागलेल्या वेळेवरून जाडी निघते. म्हणून एकाच बाजूनं हात पोचला तरी भागतं. गंजलेल्या मालाला डबल क्रिस्टल प्रोब (एक क्रिस्टल लहर सोडतो, दुसरा परत घेतो) घ्या. आधी स्टेप ब्लॉकवर (माहीत असलेल्या जाडीच्या पायऱ्यांचा ठोकळा) कॅलिब्रेट करा, पाईप ८ मिमीचा असेल तर त्याहून पातळ अन् त्याहून जाड अशा दोन्ही स्टेपवर. स्टेनलेसला वेग वेगळा, तिथं एमएसचं (साध्या माइल्ड स्टीलचं) सेटिंग चालत नाही.

जागा निवडणं मात्र मशीनपेक्षा महत्त्वाचं. लोक सरळ, हाताला येणाऱ्या पाईपावर चार रीडिंग घेतात अन् रिपोर्ट ओके! गंज तिथं नसतोच. एल्बोची (पाईपाच्या वळणाची) बाहेरची बाजू, व्हॉल्व्हच्या पुढचा तुकडा, आडव्या पाईपाचा तळ, पाणी साचून राहतं ती बंद लाईन, सपोर्टवर पाईप टेकतो ती जागा, जमिनीत शिरतो तो काठ, आणि इन्सुलेशनचं क्लॅडिंग (वरचा पत्रा) उघडं पडलंय त्याच्या खाली, इथं बघा. टाकीला सगळ्यात खालची शेल प्लेट (भिंतीची प्लेट) अन् मळीची पातळी नेहमी राहते तो पट्टा.

जागा ठरली की पापुद्रे वायर ब्रशनं काढा, जेल लावा. पाईपावर प्रोबच्या दोन क्रिस्टलमधली रेघ पाईपाच्या लांबीला आडवी ठेवा, थोडा हलवून सगळ्यात कमी रीडिंग लिहा, सरासरी नको. साध्या मोडमध्ये कलरचीही जाडी मोजली जाते अन् तीही वाढवून, त्यामुळे कलर खरवडा नाहीतर इको-टू-इको मोड वापरा, तो दोन परतीच्या लहरींमधला वेळ धरतो म्हणून कलर मोजत नाही. लाईन गरम असेल तर जाडी जास्त दिसते, दर ५५ अंशाला जवळपास एक टक्का. आजूबाजूला १.३, १.१ मिमी यायलंय अन् मधेच २.२ दिसलं तर खुश होऊ नका, पातळ जागी गेज दुप्पट दाखवतं. ८ च्या प्लेटमध्ये एकदम ४ आलं तर खड्डा असेल किंवा लॅमिनेशन (प्लेटच्या आत सुटलेला थर), तिथं स्क्रीनवर लहर दाखवणारं फ्लॉ डिटेक्टर लावा.

प्रत्येक पॉइंटला पेंटनं नंबर टाका, पुढच्या वर्षी तिथंच मोजायचंय. नव्या पाईपाचंही रीडिंग घेऊन ठेवा, कारण ६ इंच शेड्यूल ४० (पाईपाच्या जाडीचा ठरलेला वर्ग) पाईप कागदावर ७.११ मिमी असतो पण १२.५ टक्के कमी आला तरी नियमात बसतो. हिशोब सोपा: चार वर्षांपूर्वी ८.० होतं, आज ६.८, म्हणजे वर्षाला ०.३ मिमी गेलं. डिझाईनप्रमाणं किमान ५.० लागत असेल तर सहा वर्षं उरली, अन् पुढची तपासणी त्याच्या निम्म्यात, म्हणजे जास्तीत जास्त तीन वर्षांच्या आत.

टाकीचा तळ मोठा असतो, गेजनं सगळा होत नाही, तिथं मॅग्नेटिक फ्लक्स लिकेज मशीन (चुंबकानं पातळ जागा शोधणारं) फिरवतात आणि जिथं दाखवलं तिथं गेजनं पक्कं करतात. रस्त्याखालून गेलेल्या लाईनला गाइडेड वेव्ह (एका जागेवरून पाईपाच्या लांबीभर लहर सोडायची पद्धत) बरी, पण ती नुसती संशयाची जागा सांगते, नेमकी जाडी नाही. रेडिओग्राफी (एक्स-रेसारखा फोटो) इन्सुलेशन न काढता होते, मात्र एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) परवानगी असलेल्या एजन्सीकडूनच करून घ्या अन् तेवढा वेळ आपली माणसं लांब ठेवा. डाय पेनिट्रंटनं (भेगेत शिरणाऱ्या रंगानं) वरची भेग दिसते, जाडी अजिबात नाही, तरी काही जण गंजासाठी तेच करायलेत.

आणि मळीच्या टाकीत उतरायच्या आधी ऑक्सिजन मीटरनं तपासा, ब्लोअर चालू ठेवा, मॅनहोलवर एक माणूस उभा करा. टाकी रिकामी दिसली तरी तळाशी कार्बन डायऑक्साईड साचलेला असतो अन् माणूस आवाज न करता खाली बसतो. वरच्यानं त्याला काढायला तसंच आत उडी मारायची नाही, दोरी अन् हार्नेस आधीच बांधलेलं पाहिजे.