शॉटमधले थर एकमेकांत मिसळू नयेत म्हणून
घरी लेयर्ड शॉट, म्हणजे छोट्या ग्लासात वेगवेगळ्या दारूंचे एकावर एक थर, करायला गेलं की पहिल्या वेळी हमखास ग्लासात गढूळ पाणी तयार होतं, आणि बहुतेक वेळा क्रमच चुकलेला असतो. साधा हिशोब, ज्यात साखर जास्त ते जड म्हणून तळाला आणि ज्यात अल्कोहोल जास्त ते हलकं म्हणून वर. म्हणजे ग्रेनडीन सिरप (डाळिंबाचं लाल, गोड सिरप) कायम खाली, व्होडका वर. बी-५२ हा तीन थरांचा शॉट करायचा असेल तर आधी कॉफी लिकर (लिकर म्हणजे गोड, स्वादाची दारू), मग आयरिश क्रीम (व्हिस्की आणि क्रीमचं लिकर), सगळ्यात वर ऑरेंज लिकर, प्रत्येकी २० मिली, त्यामुळे ग्लास ६० मिलीचा तरी हवा.

ओतताना चमचा उलटा धरा, टोक ग्लासच्या आतल्या बाजूला टेकवून, खालच्या थराच्या अगदी जवळ, आणि चमच्याच्या पाठीवरून बारीक धार सोडा, घाई केली की गेलंच. धार जाड झाली तर लगेच थांबायचं, थर जरा स्थिर होऊ द्यायचा मग पुढे. चमचा दर वेळी पुसा, हे मी बरेच दिवस करत नव्हतो आणि थरांच्या कडा का पुसट येतात म्हणून डोकं खाजवत बसायचो.

अजून एक, आयरिश क्रीममध्ये लिंबाचा रस गेला की ते दुधासारखं फाटतं आणि तोंडात गुठळ्या होतात. सिमेंट मिक्सर नावाचा शॉट मुद्दाम असाच करतात, मला तरी तो प्यायचा प्रकार वाटत नाही. सरावासाठी दारू वाया घालवू नका, रंगीत सिरप आणि साधं पाणी घेऊन आधी हात बसवा.