लेओश यानाचेक यांचे संगीत कसे ऐकावे

लेओश यानाचेक (१८५४–१९२८) या चेक संगीतकाराचे संगीत लोकसंगीतावर पोसलेले आहे, असे वाचून त्यांच्याकडे वळलेला श्रोता त्यांच्या रचनांत लोकगीतांच्या चाली शोधू लागतो आणि त्या न सापडल्याने गोंधळतो. हा शोध आधीच बाजूला ठेवावा. मोराव्हिया या चेक प्रांतातील हुक्वाल्दी येथे जन्मलेल्या आणि ब्रनो शहरात आयुष्य घालवलेल्या यानाचेक यांनी लोकसाहित्याचे अभ्यासक फ्रांतिशेक बार्तोश यांच्यासह लोकगीते संकलित केली आणि दोन हजारांहून अधिक गीतांचा त्यांचा संग्रह १८९९ ते १९०१ या काळात प्रसिद्ध झाला, हे खरे. पण प्रौढ वयातील रचनांत ते तयार चाली क्वचितच घेतात. घेतात ती गाण्याची घडण: तुटक, छोटे स्वरवाक्य, त्याची आग्रही पुनरावृत्ती आणि बोलण्याच्या ओघाप्रमाणे आखडणारी, सैलावणारी लय.

त्यासाठी कानाची थोडी तयारी करावी लागते. बाजारात, रस्त्यावर, फलाटावर कानी पडणाऱ्या बोलण्याचे चढउतार यानाचेक स्वरलिपीत टिपून ठेवत. १९०३ मध्ये मृत्युशय्येवरील मुलगी ओल्गा हिचे बोलणेही त्यांनी असेच टिपले. आपणही घरातले एखादे वाक्य घ्यावे. ‘अगं, दार उघड’ हे पहिल्यांदा सहज म्हटलेले, दुसऱ्यांदा कंटाळून आणि तिसऱ्यांदा चिडून म्हटलेले ऐकावे: शब्द तेच राहतात, पण स्वराची उंची, शेवटच्या अक्षराची लांबी आणि मधला थांबा बदलतो. यानाचेक यांच्या संगीतातील भाव नेमका या फरकात असतो, त्यामुळे लांबलचक चालीची वाट पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

प्रत्यक्ष ऐकण्याची सुरुवात ‘गवताळलेल्या वाटेवर’ या पियानोरचनांपासून करावी. पहिल्या मालेत दहा छोट्या रचना आहेत. त्यांपैकी दहावी ‘घुबड उडून गेले नाही’ ही दोन-तीनदा ऐकावी. आजाऱ्याच्या घराजवळून घुबड हटले नाही तर तो दगावतो, अशी तिकडची समजूत आहे. आपल्याकडील श्रोत्याला ती समजावून सांगावी लागत नाही. आरंभी स्वरांची एक झपाट्याची खळबळ उठते, लगोलग घुबडाची छोटी हाक येते आणि मग प्रार्थनेसारखी संथ चाल सुरू होते. ही चाल हाकेला अडवू पाहते, पण हाक परत येतेच. ती किती वेळा व किती बदलून येते, एवढेच लक्षात ठेवावे.

त्यानंतर ‘येनूफा’ या ऑपेराकडे वळावे. १९०४ मध्ये ब्रनो येथे त्याचा पहिला प्रयोग झाला. प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहाने मात्र १९१६ पर्यंत दार उघडले नाही आणि तेही तेथील ऑपेरा-संचालक कारेल कोवार्झोविच यांनी वाद्यरचनेत फेरफार केल्यावर. जुन्या ध्वनिमुद्रणांत पुष्कळदा हीच गुळगुळीत केलेली आवृत्ती ऐकू येते. म्हणून वाद्यवृंद-संचालक चार्ल्स मॅकरस यांचे व्हिएन्ना फिल्हार्मोनिक या वाद्यवृंदासह केलेले ध्वनिमुद्रण निवडावे, कारण त्यात मूळचा खरखरीतपणा परत आणलेला आहे. संहिता गद्यात आहे, त्यामुळे भाषांतर समोर ठेवल्याशिवाय ऐकू नये. आरंभीच झायलोफोनचा, म्हणजे लाकडी पट्ट्यांच्या वाद्याचा, कोरडा, एकसुरी ठोका येतो. ते कथा जिथे सुरू होते त्या गिरणीचे चाक आहे. सर्व तीन अंक एका बैठकीत ऐकण्याचा हट्ट नको. दुसरा अंक मात्र सलग ऐकावा: सावत्र मुलगी येनूफा हिची अब्रू वाचवण्यासाठी तिचे तान्हे बाळ बर्फाखाली नदीत सोडून आलेली कोस्तेल्निच्का अंकाच्या शेवटी वाऱ्याने उघडलेल्या खिडकीतून मृत्यू डोकावत असल्याच्या भासाने किंचाळते. तोवर ती किती कमी वेळा पूर्ण चालीत गायली आहे, हे तेथे जाणवते.

१९२६ ची वाद्यवृंदासाठीची ‘सिन्फोनिएत्ता’ बहुतेकांना सर्वांत आधी सुचवली जाते, पण माझ्या मते ती नंतर ऐकलेली बरी. पहिल्या भागातील नऊ ट्रम्पेटांचा झगमगाट इतका मोहक आहे की त्यामागील तुकड्यांची जोडणी दुर्लक्षित राहते. चार तंतुवाद्यांसाठीच्या चतुष्कांपैकी १९२८ चे दुसरे, ‘खासगी पत्रे’, ‘येनूफा’ पचल्यावर ऐकावे.

भारतीय श्रोत्याने एक रचना मुद्दाम मिळवावी. १९२१ मध्ये प्राग येथे रवींद्रनाथ ठाकूर यांचे बोलणे ऐकून यानाचेक यांनी त्यावर वृत्तपत्रात लिहिले आणि पुढच्या वर्षी त्यांच्या कवितेवर ‘भटका वेडा’ ही पुरुषवृंदासाठी रचना केली. परीस शोधत फिरणाऱ्या वेड्याला एक मुलगा विचारतो, की कमरेची ही सोन्याची साखळी तुला कोठे मिळाली; साखळी तर लोखंडाची होती आणि परीस कधी हाती येऊन फेकला गेला, हे त्याला कळलेलेच नसते. पुरुषी आवाजांच्या गर्दीतून मुलाचा प्रश्न सोप्रानो, म्हणजे स्त्रीच्या उंच पट्टीच्या, आवाजात वर येतो. ही रचनाही कविता आधी वाचूनच ऐकावी.