कंदीलपुष्पासाठी निधी मागताना
कंदीलपुष्पाची (सेरोपेजिया, कंदिलासारख्या फुलांची वनस्पती) एकच जात निवडा. ‘सड्यांवरच्या (खडकाळ पठारांवरच्या) वनस्पती’ असा मोघम अर्ज मागे पडतो. ‘कास पठारावर सेरोपेजिया जैनीची झाडं किती, त्यांतली किती शेंगा धरतात’ असा टिकतो. जाती वाचवण्यासाठी पैसे देणारा अबू धाबीचा मोहम्मद बिन झायेद निधी 25,000 डॉलरपर्यंत देतो. मात्र परदेशी पैसा संस्थेच्या नावे येणार असेल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. 2020 पासून हा पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, आणि त्यातला प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो.

खरी फसगत वेळापत्रकात होते. फूल ऑगस्ट-सप्टेंबरात, उन्हाळ्यात जमिनीवर काहीच दिसत नाही, खाली नुसता कंद. वनखात्याची परवानगी जूनआधी हातात नसली की वर्ष बुडालंच. मुदत दोन पावसाळ्यांची मागा. अहवालात नेमकं ठिकाण छापू नका, कंद उकरणारेही वाचतात.